सोनकणाची तीट

वस्तूंना बोलता येत होतं, तेव्हाची गोष्ट. भागू वैदिणीने आजारी तान्ह्यांच्या तळहाताला बांधायला एक मऊ पट्टी केली होती. तिच्यावर सोन्याचे कण ओळीने बसवले होते. बाळाच्या घामात विष उतरलं की कणांनी ते ओळखायचं आणि निरोप हातोहात शेवटच्या मण्यापर्यंत पोचवायचा. मग मणी उजळायचा.

पण बाळच ते! मूठ वळली की पट्टी वाके आणि कणांचे हात सुटत. म्हणून वैदिणीने दिव्यावरची काजळी मधल्या फटींत भरली.

"शी! ही काळीकुट्ट बया माझ्या शेजारी?" पहिला सोनकण फणफणला आणि त्याने तिच्याकडे पाठ फिरवली.

काजळी एवढंच म्हणाली, "ओळखायचं तुम्हीच, दादा. मला नुसतं वाकता येतं."

एका दुपारी इंदूचं तान्हं पट्टी बांधून निजलं होतं. सोनकणाला घामात विष लागलं. तो जीव तोडून ओरडला, पण बाळाने मूठ घट्ट वळली होती, पुढचा कण काही हाताला लागेना. मणी विझलेलाच. सगळं ठीक आहे असं समजून इंदू अंगाई गात राहिली.

सोनकण गर्रकन काजळीकडे वळला. "काजळीताई, हात दे गं!"

तिचा हात पुढेच होता.

मणी लख्ख उजळला. इंदूच्या हाकेसरशी वैदीण धावत आली, तिने औषध चाटवलं. संध्याकाळी बाळ हसलं, तशी इंदूने हौसेने त्याच्या गालाला काजळाची तीट लावली.

सोनकण बघत होता. हळूच म्हणाला, "ताई, मलाही लाव ना एक. मला माझीच दृष्ट लागली होती."