सेन्सर चुकला नव्हता

एकदा एका वृद्ध दंतवैद्यांच्या हाताखाली अश्लेषा नावाची तरुण डॉक्टर शिकायला राहिली. येताना तिने एक छोटा सेन्सर आणला होता. त्यावर लाळेचा थेंब ठेवला, की हिरड्यांचा रोग दिसण्याआधी, दुखण्याआधी कळत असे. लाल दिवा लागे.

देवळात सनई वाजवणारे धोंडीराम गुरव एके दिवशी दात साफ करून घ्यायला आले. त्यांच्या लाळेने दिवा लाल झाला.

"हिरड्या आतून बिघडताहेत. उपचार सुरू करायला हवेत," अश्लेषा म्हणाली.

"पण मला तर काहीच होत नाही, बाई," गुरव हसले. "जत्रा उरकली की येतो."

तिने नोंद केली आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं.

गुरव आले ते तीन वर्षांनी. वरचे पुढचे चारही दात हलत होते. त्यांना धरून ठेवणारं हाड झिजून गेलं होतं. दात काढावेच लागले. तोंडात कापूस धरून गुरवांनी हवेतच सनईवर फिरावीत तशी बोटं फिरवली आणि वैद्यांकडे पाहिलं.

"कवळी बसवू," वैद्य म्हणाले. "पण पूर्वीसारखा सूर लागेल, असं खोटं सांगणार नाही."

गुरव गेल्यावर अश्लेषा हळूच म्हणाली, "सर, सेन्सरने तेव्हाच ओळखलं होतं."

वैद्यांनी सेन्सर उचलला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

"सर, तो चुकला नव्हता!"

"म्हणूनच. चुकला असता, तर आपण सुटलो असतो." ते खुर्चीत टेकले. "वेदना माणसाला जेवू देत नाही, झोपू देत नाही, ओढत इथवर आणते. आपल्याला तिच्याआधी कळलं, तेव्हा तिचं कामही आपल्याच अंगावर आलं. तू एकदा सांगितलंस. मी तुझी नोंद वाचली आणि गप्प बसलो. वेदना एकदाच सांगून गप्प बसते का?"

अश्लेषाचे डोळे भरून आले. वैद्यांनी किल्ली तिच्यापुढे सरकवली. "जितक्यांच्या दारी जायची तयारी असेल, तितक्यांनाच तपास."

देवळात आता आरतीला नुसता चौघडा वाजतो. अश्लेषा मात्र त्याच आठवड्यात लाल दिवा लागलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेली. बाईंनी दारातूनच वाटेला लावलं. दुसऱ्या खेपेला त्या चिडल्या.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मशीन थांबवलं आणि बसायला पाट सरकवला.