ठकूबाईचा घुमट

फार वर्षं झाली. निंबारीच्या राजवाड्याचं काम तीन पिढ्या चाललं होतं. राजाच्या आजोबांनी दगडी वेस उभारली, वडिलांनी दोन मजले चढवले आणि नातवानं दरबारावर विटांचा घुमट घातला. त्या घुमटाचा चुना ठकूबाईच्या घाणीत, बैल फिरवून दळलेला. ती चुन्यात हात घालायची तेव्हा चुना तिच्याशी बोलायचा, असं म्हणतात.

घुमट पुरा झाला आणि अवकाळी पाऊस लागला. चुना वाळेना. इकडे राजाच्या आईसाहेबांनी अंथरूण धरलं. मुलाला नव्या दरबारात गादीवर बसलेलं पाहायचं, एवढीच त्यांची इच्छा. राजानं हुकूम सोडला, "उद्या सकाळी घुमटाखालचे टेकू काढा."

टेकू पाडायला आत जाणार होता सटवा गवंडी, ठकूबाईचा नवरा.

सकाळी सटवानं घण उचलला, तशी ठकूबाई पुढे झाली. तिनं विटांच्या सांध्यात खिळा खोल फिरवला आणि ओली हळद आत दाबली. हळद लालभडक झाली. लाल ओघळ भिंतीवरून थेट जमिनीपर्यंत आला, असं म्हणतात.

"घुमट रक्त ओकतोय!" लोक ओरडले.

"रक्त कसलं? घरी कुंकू करत नाही का तुम्ही?" ठकूबाई म्हणाली. "कच्चा चुना हळदीला लाल करतो. सरकार, हा अजून आतून ओला आहे. टेकू काढाल तर खाली येईल."

"आईसाहेबांना तेवढा वेळ नाही," राजा म्हणाला. "सटवा, मार घाव."

ठकूबाई मधल्या टेकूला पाठ लावून बसली.

"ठके, ऊठ. सरकार समोर आहेत," सटवा कुजबुजला.

"तुम्ही गप्प बसा. माझं कपाळ पुसायची भारीच घाई झालीय तुम्हाला!"

कोणी हसलं नाही. राजानं सटवाच्या हातून घण हिसकावला आणि उगारला. ठकूबाईनं डोळे मिटले, पण ती हलली नाही.

तेवढ्यात दारात पालखी टेकली. आईसाहेबांनी वर पाहिलं, भिंतीवरची लाली पाहिली, मग मुलाच्या हातातला घण.

"ठेव तो खाली," त्या म्हणाल्या. "मला तुला गादीवर बघायचंय. मध्ये चार लाकडं आली तर येऊ देत."

टेकूंच्या रानातच गादी मांडली. चौघडा नाही, तोफ नाही. हादऱ्याच्या भीतीनं कोणी खोकलंसुद्धा नाही. वरून चुन्याची भुकटी राजाच्या पागोट्यावर झरत होती. ठकूबाई मधला टेकू धरून उभी होती, आणि घुमटाचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता, असं म्हणतात.

त्याच हिवाळ्यात आईसाहेब गेल्या. पुढचा उन्हाळा सरता सरता ठकूबाईनं सांध्यात पुन्हा हळद दाबली, ती पिवळीच राहिली. राजा स्वतः घाणीपाशी आला आणि म्हणाला, "ठकूबाई, काढू का?"

"काढा," ती म्हणाली आणि घुमटाखाली जाऊन उभी राहिली. सटवानं एकेक टेकू पाडला. विटेचा कपचासुद्धा पडला नाही. मधला टेकू मात्र खालून तोडल्यावरही अधांतरी उभा राहिला. ठकूबाईनं हात लावला तेव्हाच तो आडवा झाला, असं म्हणतात.

आता घरांना सिमेंटचे स्लॅब पडतात. तरी निंबारीच्या पंचक्रोशीत टेकू काढायच्या दिवशी घरधनी माल कालवणाऱ्या बायांपैकी सगळ्यांत थोरलीपुढे जातो. तिचं नाव काहीही असो, तो विचारतो, "ठकूबाई, काढू का?"

कधी कधी ती नाही म्हणते. मग वास्तुशांतीचे पाहुणे टेकूंमधून वाट काढत पंगतीला बसतात आणि हळू आवाजात वाढायला सांगतात.