बटणाची पाठ

“आणि याची पाठ कधी पाहिलीस?” युसुफ मास्टरांनी विचारलं.

चंद्रहास घोलपने समोरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली.

शिवणयंत्रावर काचेची चौकट होती. आत लाल मखमलीवर शिवलेलं एकच पितळी बटण. घोलपच्या पणजोबांच्या लष्करी कोटाचं.

“नाही पाहिली,” तो म्हणाला. “वडिलांनी शिवून ठेवलंय. घरची वस्तू... उसवायची कशाला?”

“लोकांची उसवतोस की.”

मास्टर अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. छावणीच्या बाजारात त्यांनी साठ वर्षं फौजी कपडे शिवले. जुन्या बटणाचं वय कसं ओळखायचं, ते घोलपला त्यांनीच शिकवलं होतं. समोर कोरलेला इंग्रजी मुकुट राणीचा की राजाचा, ते बघायचं. मग उलटून पाठीवरचं कारखान्याचं नाव वाचायचं. समोरून चूक होते, पाठ सहसा चुकत नाही.

शिष्य विद्येत गुरूच्या पुढे गेला. भिंग लावायचा आणि बटणाचं साल सांगायचा. सालाबरोबर समोरच्याचा खोटेपणाही चारचौघांत सांगायचा. दुसऱ्या कामात त्याला गोडी जास्त.

गेल्या रविवारी तालुक्याच्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात भागीरथीबाई लोंढे आल्या होत्या. आजोबांचं बटण रुमालाच्या गाठीत बांधून. घोलपने ते उलटलं आणि माईक हातात घेतला.

“बाई, पाठीवर ‘लिमिटेड’ आहे. हा शब्द कारखान्याने पहिलं महायुद्ध संपल्यावर जोडला. आजोबा लढाईत गेले सोळा साली. मग हे काय त्यांनी स्वर्गातून धाडलं?”

मंडप हसला. खुर्च्यांवरचे पुढारी तर पोट धरून हसले.

म्हातारीने बटण परत गाठीत बांधलं. मग शांतपणे म्हणाली, “तुमचा पणजा बी त्याच लढाईत गेला म्हनं. त्याच्या बटनाची पाठ दावा की, सायब.”

घोलपने हसून वेळ मारून नेली. पण त्या दिवसापासून तो रोज चौकट समोर घेऊन बसत होता. इराकातल्या बसऱ्याच्या आघाडीवर पणजोबा पडले, त्यांच्या सामानातून बटण घरी आलं, हे ऐकतच तो मोठा झाला होता. पणजीच्या माहेरी मात्र वेगळी कुजबुज होती. लढाईनंतर म्हणे कुणीतरी पणजोबांना कराचीत पाहिलं होतं. धडधाकट. दुसऱ्या बायकोसोबत.

पाठीवर ‘लिमिटेड’ निघालं तर? एकतर बटण खोटं, नाहीतर मरण खोटं.

“उद्या दहा वाजता गावात शिळा उघडायची आहे,” घोलप म्हणाला. “पणजोबांच्या नावाची. ‘रणांगणी वीरमरण’ असं कोरून झालंय. ती बाई येणार आहे, मास्टर. पुढच्या रांगेत बसणार म्हणून गावभर सांगत फिरतेय.”

“मग?”

“तुम्ही बघा. तुम्ही एकदा सांगितलंत की बटण लढाईआधीचं आहे, तर कुणी तोंड उघडणार नाही.”

मास्टरांनी कात्री पुढे केली.

“काप.”

घोलपने चौकटीची काच काढली आणि कात्री घेतली. पातं मखमलीला लागलं, सरकलं, पुन्हा लागलं.

“नाही जमत, मास्टर...”

“घाबरलास?”

“...हो.”

मास्टरांनी कात्री काढून घेतली. एका झटक्यात दोरा कापला. बटण खिडकीपाशी नेलं, उलटलं, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरलं.

बाहेर भंगारवाल्याची हाळी आली आणि गेली. मास्टर बघतच होते. घोलपला त्यांची फक्त पाठ दिसत होती. त्याच्या कानशिलावरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये उतरला.

मास्टरांनी मूठ मिटली.

“सांगू?”

घोलपने मान हलवली... नको.

“त्या बाईला विचारलं होतंस असं?”

घोलपने चौकटीतली रिकामी मखमल बोटांनी सारखी केली.

“कोट इकडे दे.”

घोलपने अंगातला कोट काढून दिला. उद्याच्या समारंभासाठीच नवा शिवला होता. मास्टरांनी त्याचं छातीवरचं बटण कापून टाकलं, सुईत दोरा ओवला आणि पणजोबांचं बटण तिथे टाचलं. पाठ आत, मुकुट बाहेर.

“घाल.”

त्याने कोट घातला. पितळ छातीवर गार लागल्यासारखं वाटलं. हात आपोआप तिथे गेला.

“दिसतं चांगलं,” मास्टर म्हणाले. “जा आता. उद्या दहाला पोचायचंय ना?”

घोलप उंबऱ्यापर्यंत गेला. बटण मुठीत धरूनच वळला.

“मास्टर, ती बाई पुढे बसलेली असेल. मी बोलायला उभा राहीन. तेवढ्या वेळात हे... हे सुटून पडणार नाही ना?”

मास्टर सुई उशीत खोचत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“दोरा कच्चा घातलाय,” ते म्हणाले.