झेंडूचा हार

घाटाच्या पायथ्याला एका गावात एक रक्तपेढी होती. घाटात अपघात व्हायचे आणि शहर लांब होते, म्हणून गावाने वर्गणी काढून ती उभी केली होती. कोणाचे रक्त कोणत्या गटाचे, त्याचा फोन कोणता, हे सारे एका सर्व्हरमध्ये साठवलेले असे. गट विचारला की क्षणात त्या गटाची माणसे पडद्यावर येत. गावाला त्या यंत्राचा मोठा अभिमान होता.

सर्व्हर सांभाळायला रेवती होती. शहरात शिकून ती मुद्दाम गावी परतली होती. सुरुवातीला सगळी माहिती एकाच तक्त्यात होती. दाते वाढले तेव्हा रेवतीने ती नीट लावली. एका तक्त्यात माणसे, दुसऱ्यात रक्ताच्या तपासण्या आणि गट, आणि कोणती तपासणी कोणाची हे सांगणारा तिसरा. रोज संध्याकाळी या सगळ्याची प्रत आपोआप वेगळ्या डिस्कवर उतरत असे. ती प्रत उघडून पाहायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

दात्यांमध्ये यमुना होती. ती शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. तिचा गट ओ निगेटिव्ह. हा गट फार थोड्यांचा असतो, आणि अशा माणसाला दुसऱ्या गटाचे रक्त चालत नाही. ती दर वर्षी न चुकता रक्त देई. या वर्षी तिला दिवस गेले होते. "यंदा राहू द्या ताई," ती रेवतीला म्हणाली. "पुढच्या वर्षी दोघांचं मिळून घ्या."

एकदा रेवती पेढीच्या अध्यक्षांकडे गेली. "साहेब, एक रविवार सर्व्हर बंद ठेवू द्या. डिस्क जुन्या झाल्यात, त्या बदलते. आणि रोजची प्रत खरंच उघडते का, ते एकदा बघते."

"आत्ता चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग झालं तर! घरात सगळे ठणठणीत असताना डॉक्टरला बोलावतं का कोणी?" आजूबाजूचे हसले. तिने पुन्हा विचारले, तर त्या रविवारी रक्तदान शिबिर निघाले. पुढच्या रविवारी पाहुणे आले. त्यानंतर रेवतीने विचारणे सोडून दिले.

खंडेनवमी आली. गावाच्या रिवाजाप्रमाणे सर्व्हरचीही पूजा झाली. हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, अध्यक्षांनी स्वतः झेंडूचा जाडजूड हार घातला. हाराच्या आड सर्व्हरवरचा एक छोटा दिवा झाकला गेला. तो सकाळपासून लाल झाला होता. सर्व्हरच्या दोन डिस्कपैकी एक गेली होती, आणि सारा भार उरलेल्या एकीवर होता.

हार पडताना रेवतीला तो दिसला. तिने पुढे होऊन हार उतरवला.

"अगं, काय करतेस?" अध्यक्ष ओरडले. "पूजेचा हार आहे तो! एवढं शिकलीस, पण रीतभात शिकली नाहीस?"

"साहेब, दिवा लाल झालाय. सर्व्हर आत्ताच बंद करायला हवा."

"सणाच्या दिवशी बंद? दसरा होऊ दे, मग बघू. घाल तो हार परत."

खोलीतले सगळे तिच्याकडे पाहत होते. एका दिवसाने काय होतेय, असे रेवतीने स्वतःला समजावले. तिने हार परत घातला, आणि दिवा नीट झाकला गेला.

दसऱ्याच्या दुपारी गावच्या दवाखान्यात यमुना बाळंत झाली. मूल सुखरूप होते, पण यमुनाचा रक्तस्राव थांबेना. पेढीत ओ निगेटिव्हची पिशवी नव्हती. शहरातून रक्त घेऊन निघालेली गाडी घाटात वाहनांच्या रांगेत अडकली. यमुनाचा नवरा तुळशीराम धावत पेढीत आला. रेवतीने गट विचारला. पडद्यावर काहीच आले नाही. दुसरी डिस्कही गेली होती.

तिने रोजची प्रत काढली. प्रत उघडली, माणसे आली, तपासण्याही आल्या. कोणती तपासणी कोणाची हे सांगणारा तिसरा तक्ता आलाच नाही. प्रत घेण्याची सोय एकाच तक्त्याच्या काळातली होती. तक्ते वेगळे केले तेव्हा तिसरा त्यात घालायला रेवती विसरली होती, आणि इतके दिवस ते कोणाला कळले नव्हते. एका रविवारी कळले असते.

मग तिने ओळीने फोन लावायला सुरुवात केली. सारे गाव सोने वाटायला बाहेर पडले होते. कोणी फोन उचलत नव्हते. कोणी उचलून हसत होते. "माझा गट मला विचारताय? तुमच्याकडेच तर लिहिलाय की!"

यादीच्या शेवटी हणमंत शेलार लागला. त्याचे घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत होते. "ओ निगेटिव्ह? माझाच तो," तो म्हणाला. "आलोच. पण सकाळी मी तुम्हाला आपट्याची पानं द्यायला आलो होतो, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

तो धावत आला, पण तोवर यमुना गेली होती.

तुळशीरामने त्या हार घातलेल्या सर्व्हरकडे पाहिले. "ताई," तो म्हणाला, "तिचं रक्त न्यायचं होतं तेव्हा तिचं नाव दर वर्षी बरोबर सापडायचं तुम्हाला."



पेढीने नवा सर्व्हर आणला. पुढच्या खंडेनवमीला अध्यक्षांनी त्यालाही हार घातला. रेवतीने सगळ्यांसमोर तो उतरवून बाजूला ठेवला. या वेळी कोणी ओरडले नाही. अध्यक्षांनी मान खाली घातली. हाराखालचा दिवा हिरवा होता. आता हार काढायला धैर्य लागत नव्हते.

तात्पर्य: पूजा केली म्हणजे काळजी घेतली असे होत नाही. आणि ज्याला धोका दिसतो तोच ओरडा खाण्याच्या भीतीने गप्प बसला, तर ज्यांना तो दिसतच नाही त्यांच्यापेक्षा त्याचा दोष मोठा.