अकरा खोडींची गाडी

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात अच्युतराव नावाचे गुरांचे डॉक्टर राहत. घाटमाथ्यावर सात वाड्या होत्या. तिथल्या गाई-म्हशींची दुखणी आणि बाळंतपणं त्यांच्याकडे. रोज सकाळी औषधांची पेटी मोटारसायकलला बांधायची आणि घाट चढायचा, असं त्यांनी पंचवीस वर्षं केलं.

डॉक्टर कामाला चोख होते, पण तोंडाने कडक. कुणी जनावराचं दुखणं लपवलं की त्याला चारचौघांत झाडायचे. "जनावराला बोलता येत नाही. तुम्हाला येतं ना? काय चारलं, काय पाजलं, सगळं सांगा. लपवलंत तर जनावर जाईल."

पन्नाशी उलटली आणि कंबर दुखायला लागली. डॉक्टरांनी चारचाकी घ्यायचं ठरवलं. पण त्यांना नवी नको होती. जुन्या घडणीची गाडी घ्यायची, ती नीट दुरुस्त करून घ्यायची आणि रोज तीच वापरायची, असा त्यांचा बेत होता. जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की आतलं सगळं डोळ्यांना दिसतं. वाडीवर बंद पडली तर पाना घेऊन स्वतः काहीतरी करता येतं. शिवाय तरुणपणी ते अशाच एका गाडीवर चालवायला शिकले होते. तिचा जाड पत्रा आणि गोल दिवे त्यांच्या मनातून गेले नव्हते.

त्यांची बायको शालन म्हणाली, "घरात एक जुनी आहे ना, मी. तिची कुरकुर पुरत नाही का?"

"तू रोज चालतेस. तीही चालेल."

"मग बघायला जाताना गॅरेजवाल्या याकूब मिस्त्रींना बरोबर न्या."

"मी दात बघून बैलाचं वय सांगतो. मला गाडी कळणार नाही?"

ते एकटेच गेले.

पहिली गाडी तालुक्याच्या गावी होती. तिचे मालक दिगंबरशेठ. शेडमध्ये सायीच्या रंगाची गाडी उभी होती. काचेसारखी चमकत होती. आतल्या सीटवर नवं कापड, चाकांना नव्या वाट्या. शेठ म्हणाले, "डॉक्टर, हिच्यात एक खोड दाखवा, इथल्या इथे मिशी उतरवतो." डॉक्टरांनी बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं. शेडमध्ये ऊन नव्हतं, म्हणजे थंड गाडी सुरू व्हायला अडते हे कळू नये म्हणून ते यायच्या आधी कुणीतरी ती चालू करून ठेवली होती. पण डॉक्टर रंग बघत होते. त्यांनी तो विचार केला नाही. चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

दुसरी गाडी शेजारच्या गावी होती. तिचे मालक सुबराव. त्यांनी बत्तीस वर्षं त्याच घाटात माणसं आणि दुधाच्या किटल्या वाहिल्या होत्या. आता नजर कमी झाली म्हणून गाडी विकायची होती. अंगणात हिरवी गाडी उभी होती. रंग उडालेला, एका दिव्याची कड चेपलेली.

डॉक्टरांनी चावी मागितली. सुबराव म्हणाले, "चावी मग. आधी बसा."

"कशाला?"

"आमच्या घरात बैल इकताना दाव्याला हात लावू द्यायच्या आधी खोडी सांगत्यात. मारका हाय, बसका हाय, जे असंल ते. गाडीलाबी तीच रीत. हिच्या अकरा खोडी हायत."

आणि ते बोटांवर मोजत सांगू लागले. "सकाळी पहिल्या चावीला उठत न्हाई. चोक वढायचा, जरा थांबायचं, मग चावी. दुसरा गिअर रुसतो, त्येला घाई केलेली चालत न्हाई. ब्रेक मारला की उजवीकडं वढती. डाव्या अंगाचं मागलं दार उचलून लावायचं. तिसऱ्या वळणाच्या म्होरं तापती. चौथ्या वळणाला थांबवून पानी दाखवायचं. मागल्या सीटखाली पत्रा कुजलाय. बोट घाला."

"राहू द्या."

"घाला की. मी सांगतोय म्हणून नगा मानू."

डॉक्टरांनी बोट घातलं. बोट आरपार गेलं. त्यांनी ते रुमालाला पुसलं.

सुबराव सातव्या खोडीवर आले, तेव्हा डॉक्टर उठले. त्यांना राग आला होता. आपण मोठ्या हौसेने आलो आणि हा माणूस आपली थट्टा करतो आहे, असं त्यांना वाटलं. "मामा, विकायची नसेल तर सरळ सांगा."

"इकायची हाय म्हणून तर सांगतोय."

"मला धड गाडी हवी आहे. रोगांचं दुकान नको."

उरलेल्या चार खोडी सुबरावांनी डॉक्टर फाटकापर्यंत पोचेस्तोवर मोठ्याने सांगून पुऱ्या केल्या.

घरी आल्यावर त्यांनी सुबरावांच्या खोडींचं गाऱ्हाणं सांगितलं. शालनने विचारलं, "आणि शेठजींच्या गाडीला काय झालंय?"

"तिला काहीच नाही."

"काही नाही, की काही सांगितलं नाही?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शेठना विसार दिला आणि आठ दिवस चालवून बघतो म्हणून सायीच्या रंगाची गाडी घरी आणली. गावातून एक फेरी मारली. लोकांनी वळून बघितलं. डॉक्टरांना बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यातून फोन आला. तानूबाईची म्हैस पहाटेपासून अडली होती. तानूबाईचं घर त्या एका म्हशीच्या दुधावर चालत होतं. डॉक्टरांनी पेटी गाडीत टाकली आणि निघाले. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्या वळणावर एक खड्डा आला. गाडीच्या मागून काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि गाडी एका अंगावर बसली.

डॉक्टर खाली उतरून वाकले. मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा पत्र्यातून सुटून लोंबत होता. जिथे तो धरला होता, तिथे पत्रा उरलाच नव्हता. गंजाच्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारला होता. आता लांबीचे तुकडे पडून आतला लाल भुगा रस्त्यावर सांडत होता.

वाड्यांवर जाणारी सकाळची एकुलती जीप आधीच निघून गेली होती. डॉक्टरांनी पेटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागले. मोटारसायकलने अर्ध्या तासाची वाट. दुखऱ्या कंबरेने त्यांना दोन तास लागले.

पोचले तेव्हा म्हैस आडवी पडली होती. रेडकू आतच मेलं होतं. म्हशीचे डोळे फिरत होते. डॉक्टरांनी घाईने कळा वाढवायचं इंजेक्शन भरलं. तेवढ्यात तानूबाई पुढे आली.

"डॉक्टर, एक सांगती. तुम्ही रागावनार, रागवा. तुमची वाट बघून आम्हीच हात घातला. दोरी लावून तिघांनी वढलं. रगात आलं, मग सोडून दिलं."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी आत हात घालून बघितलं. आतून फाटलं होतं. ते इंजेक्शन गेलं असतं तर म्हैस जागेवर मेली असती.

त्यांनी सुई बाजूला ठेवली. रेडकू जपून बाहेर काढलं. जखमेवर टाके घातले, सलाईन लावलं. दुपार कलताना म्हशीने मान उचलली. थोड्या वेळाने ती उभी राहिली आणि बादलीत तोंड घातलं.

तानूबाई पाया पडायला वाकली. "तुमचं लई उपकार झालं."

"माझे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बोललात म्हणून ती उभी आहे."

हे बोलले आणि त्यांचं बोलणं त्यांनाच लागलं. या बाईने आपलीच चूक आपल्या तोंडाने सांगितली. ती शिव्या खायला तयार होती. म्हशीसाठी. आणि तीन-चार दिवसांपूर्वी एका म्हाताऱ्याने स्वतःच्या गाडीसाठी तेच केलं, तर आपण त्या गाडीला रोगांचं दुकान म्हणून आलो. पंचवीस वर्षं आपण लोकांना जे करा म्हणून ओरडलो, ते एकाने न सांगता केलं. ते आपल्याला सोसलं नाही. आपल्याला गोड बोलणारा शेठ हवा होता. आणि त्या हौसेत एक रेडकू गेलं.

डॉक्टर घाट उतरले ते घरी गेले नाहीत. तडक सुबरावांच्या अंगणात गेले. कपड्यांवर म्हशीचं रक्त होतं.

"मामा, माझं चुकलं."

सुबरावांनी डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघितलं. "पानी घ्या आधी."

"गाडी आहे का?"

"हाय. दोघं आले व्हते. खोडी ऐकून गेले."

"मला परत सांगाल? पहिल्यापासून?"

"सगळ्या?"

"सगळ्या."

डॉक्टर खाली बसले. या वेळी त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. अकरा खोडी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर उतरवून घेतल्या.

शेठकडची गाडी परत गेली. विसार बुडाला. डॉक्टरांनी त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही. चूक त्यांची होती.

हिरवी गाडी याकूब मिस्त्रींकडे गेली. मिस्त्रींनी चिठ्ठी वाचली आणि हसले. "डॉक्टर, गिऱ्हाईक येतं, म्हणतं गाडीला काही नाही, फक्त चालत नाही. मग मी महिनाभर शोधत बसतो. हिचा आजार लिहूनच आलाय." त्यांनी कुजका पत्रा कापून नवा जोडला, ब्रेक बदलले, गिअरपेटी उघडली, रेडिएटर साफ केला. चार महिने लागले. रंग सर्वात शेवटी दिला, तोही हिरवाच. अकरा खोडींपैकी नऊ गेल्या. दार अजून उचलून लावावं लागतं. सकाळी चोकही ओढावा लागतो. डॉक्टरांना ते माहीत आहे, म्हणून त्याचा त्रास होत नाही.

दुरुस्त होऊन आल्यापासून गाडी रोज घाट चढू लागली. पेटी मागच्या सीटवर असायची. कधी शेजारी एखादं आजारी करडूही असायचं. आता वाडीतल्या कुणी घाबरत घाबरत आपली चूक सांगितली, तर डॉक्टर त्याला झाडत नसत. "बरं झालं सांगितलंस," एवढं म्हणून कामाला लागत. लोक अधिक सांगू लागले. जनावरं कमी मरू लागली.

खंडेनवमी आली. डॉक्टरांनी गाडी धुतली आणि झेंडूचे दोन हार घेऊन सुबरावांकडे गेले. एक हार गाडीला घातला. दुसरा सुबरावांच्या गळ्यात घालायला गेले, तर म्हातारा मागे सरकला.

"मी काय देव हाय व्हय?"

"देव माझ्याशी इतकं खरं बोलला नाही, मामा."

सुबरावांनी मान खाली घातली आणि हार घालून घेतला. मग म्हणाले, "गाडी सुरू करा. दिसत न्हाई नीट, ऐकू तरी द्या." डॉक्टरांनी अंगणात एक फेरी मारली. सुबरावांनी हात वर केला.

"थांबवा. म्होरल्या डाव्या चाकात घरघर हाय. बेअरिंग जातंय. असं घाटात जाऊ नगा."

"आत्ताच मिस्त्रींकडे नेतो."

"आज मिस्त्री हत्यारं पुजनार. पान्याला हात लावनार न्हाई. हितंच ऱ्हाऊ द्या आजचा दिवस."

सणाच्या दिवशी नवी खोड निघाली होती. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चावी सुबरावांच्या हातात ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मग पायी घराकडे निघाले. वळणावरून त्यांनी मागे बघितलं. गळ्यात हार घातलेला म्हातारा गाडीचं मागचं दार उचलून लावत होता.

तात्पर्य: उणीव आपणहून सांगणाऱ्या माणसाचं बोलणं ऐकायला कडू लागतं, पण पुढे आपल्याला तारतं तेच. अशा माणसावर रागावू नये, त्याचे आभार मानावेत. दुसऱ्याकडून जो खरेपणा मागतो, तो स्वतःच्या वाट्याला आला तर ऐकून घेण्याची ताकदही अंगी असावी.