साहेबांची जन्मतारीख

नगरपालिकेने ज्येष्ठांच्या मोफत औषधांसाठी वेबसाइट काढली. नोंदणी नाही, तर औषधं नाहीत. नोंदणीचा फॉर्म सॉफ्टवेअरने आपोआप बनवलेला होता. जन्मतारखेच्या चौकटीत गेलं की चालू महिन्याचं कॅलेंडर उघडायचं आणि बाण दाबत एकेक महिना मागे जावं लागायचं.

केतकी तिथली नवी प्रोग्रामर, कुणी मोठ्याने बोललं तरी दचकणारी. तरीही ती सभापती घुलेसाहेबांकडे गेली.

"साहेब, कॅलेंडर काढून तारीख टाइप करायची सोय करते. थोडंसंच काम आहे."

"कॉम्प्युटरने बनवलंय ना? मग त्यात तुम्ही कशाला हात घालता?" साहेब म्हणाले. "आणि म्हाताऱ्यांना दुसरं काम काय असतं? दाबतील बाण."

केतकी हटली नाही. उद्घाटनाच्या दिवशी तिने माइकवरून जाहीर केलं, "पहिली नोंदणी साहेबांच्या हस्ते, आणि साहेबांचीच."

फोटोग्राफर सरसावले. साहेबांनी नाव टाइप केलं आणि बाण दाबायला घेतला. मोठ्या पडद्यावर महिने मागे सरकू लागले. टाळ्या थांबल्या, चहा आला, रिकामे कपही परत गेले. साहेबांचं बोट दुखायला लागलं.

"अहो, अजून किती राहिलंय?" ते खेकसले.

केतकी दचकली. मग पडद्यावरचं साल पाहून म्हणाली, "साहेब, आत्ता कुठे तुम्ही पहिली निवडणूक जिंकलात. जन्माला यायला अजून बराच वेळ आहे."

सभागृहात हशा पिकला. साहेबांनी बोट चोळलं.

"मॅडम, ते टाइप करायचं काय म्हणत होतात," ते हळूच म्हणाले, "ते आजच करून टाका."