सरकारांची तळ्याला फेरी

पेट्रोलच्या एकाच डब्यात खंडोबाचा डोंगर चढून मोटार परत राजवाड्यात आणायची! नाही आणली, तर तुरुंग!

तळकोंडच्या रणधीरराव सरकारांनी हा हुकूम सोडला तो ड्रायव्हर हैबतीला. तेवढ्याच वाटेला हल्ली तीन डबे पेट्रोल लागत होतं. मोटार नवी होती तेव्हा एका डब्यात भागायचं, हे सरकारांच्या चांगलं लक्षात होतं.

"मग बाकीचे डबे जातात कुठे?" सरकार गरजले. "तू चोरतोस आणि बाजारात विकतोस!"

"नाही जी! मोटारीची देखभाल झाली नाही, म्हणून..."

"धावते आहे ना? मग देखभाल कशाला? आजपासून तिला आमचं कुलूप. तू फक्त चालवायची. अवजार हातात दिसलं तर याद राख!"

हैबती घरी येऊन भिंतीला टेकून बसला. त्याची बायको तानू राजवाड्याच्या मुदपाकखान्यात ताक घुसळायची. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"अवो, पण मोटारीला झालंय तरी काय?"

"काय व्हायचं राहिलंय ते विचार! हवा घ्यायची जाळी धुळीनं बुजलीय. टायर मऊ पडलेत. ब्रेक चाकांना घासतच राहतात. आणि मागं सरकारांनी मारलेला तो पेंढा भरलेला वाघ!"

"वाघ कशाला?"

"लोकांनी बघायला."

तानूला हसू आवरेना. हैबतीला तिचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकार फिरायला निघाले. तांब्याभर ताकावर ते तळ्याला अख्खी फेरी मारत, आणि भेटेल त्याला ते सांगतही. तानू ताक घेऊन उभीच होती.

"सरकार, एवढ्याशा ताकात अख्खं तळं?"

"मग! शरीर कमावलंय आम्ही!"

"मोटारीच्या थाटात चाललात तरी पुरंल? पुरलं, तर माझा नवरा चोर. त्याच्यासंगं मीबी तुरुंगात जाईन."

मोटारीचा थाट म्हणजे काहीतरी ऐटबाज असणार, असं सरकारांना वाटलं. शिवाय भोवती चार माणसं ऐकत होती.

"कबूल!"

तानूने लगेच त्यांच्या नाकातोंडावर जाड उपरणं आवळलं. "ही बुजलेली जाळी, सरकार." मग आचाऱ्याचे ढगळ जोडे त्यांच्या पायात घातले. "हे मऊ टायर." पहारेकऱ्यांच्या हाती सरकारांच्या शेल्याची टोकं दिली. "मागं ओढत राहा रं. तुम्ही ब्रेक!" शेवटी मोटारीतला वाघ मागवून त्यांच्या पाठीवर बांधला.

"अगं, वाघ कशाला?" उपरण्याआडून आवाज आला.

"लोकांनी बघायला, सरकार!"

सरकार निघाले. जोडे फटक फटक वाजत होते, वाघ डोलत होता, पहारेकरी मनापासून ओढत होते. अशी संधी त्यांना जन्मात मिळाली नव्हती. पहिल्या वळणावरच तांब्या रिकामा झाला. घाटाच्या पायऱ्यांपाशी सरकारांनी दुसरा मागवला. तळं अजून निम्मंही झालं नव्हतं, तोच ते मटकन खाली बसले.

"ताक! आणखी ताक आणा!"

तानू कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"आणखी? एका तांब्यात अख्खी फेरी व्हायची ना? मग सरकार, बाकीचं ताक कुणाला विकलंत?"

पहारेकऱ्यांनी माना खाली घातल्या. सरकारांनी उपरणं ओढून काढलं. चेहरा लालबुंद झाला होता. तानू एक पाऊल मागे सरली. पण सरकारांनी खांद्यावरून डोकावणाऱ्या वाघाकडे पाहिलं आणि त्यांना असं हसू फुटलं, की वाघासकट ते गवतावर आडवेच झाले!

"हैबतीला किल्ली द्या! लागेल ते सामान द्या! आणि तुला काय हवं, माग!"

"मोटार नीट झाली की डोंगरावरची पहिली फेरी आमची. वाघाच्या जागी मी बसंन."

हैबतीने जाळी धुतली, टायरांत हवा भरली, ब्रेक सैल केले. तानू मागच्या बैठकीवर ऐसपैस बसून खंडोबाला जाऊन आली. एका डब्यात फेरी झाली, वर थोडं पेट्रोल उरलंच. त्याच संध्याकाळी सरकारांनी दरबारात हैबतीला पागोटं आणि तानूला सोन्याची बोरमाळ दिली, आणि मोटारीचा रोग आपण स्वतः चालून कसा शोधून काढला, ते सगळ्यांना सविस्तर सांगितलं!